टोकन देण्याआधी डक्ट उघडून बघ

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

काम पूर्णवेळ घरून, कंपनी परदेशातली, आणि फ्लॅटची यादी दोनावर आलीय हे कळलं. एक कोथरूडला जुन्या तीनमजली सोसायटीत, दुसरा ताथवड्याला बावीस मजली टॉवरमध्ये. भाडं, पाणी, पार्किंग तू बघितलंयस. इंटरनेटचं विचारल्यावर एजंट म्हणाला, "सगळं येतं इकडे." या उत्तरावर टोकन देऊ नकोस. फायबर रस्त्यापर्यंत आलेली असते, पण सोसायटीची परवानगी, डक्टमधली, म्हणजे केबल वर नेणाऱ्या उभ्या पोकळीतली, जागा आणि तुझं दार यांपैकी कुठेही ती अडकू शकते.

कंपनीच्या अ‍ॅपवर पिनकोड टाकून 'उपलब्ध' दिसलं, तर त्याचा अर्थ एवढाच की त्या भागात कुठेतरी आहे. बिल्डिंग आणि विंगचं नाव देऊन फिजिबिलिटी, म्हणजे जोडणी देता येईल का हे, तपासायला लाव. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच मजल्यावरचा शेजारी. कोणाचं कनेक्शन आहे, बंद पडलं की माणूस किती वेळात येतो, पावसाळ्यात काय होतं, एवढं विचार. 'स्पीड किती' हे शेवटी. वॉचमनला केबलवाल्याचा नंबर तोंडपाठ असेल, तर लाइन किती वेळा बंद पडते ते कळलंच, शेजाऱ्याला विचारायचीही गरज नाही.

मग डक्ट. लिफ्टच्या बाजूला ते अरुंद दार असतं ना, ते उघडायला लाव. आत दोनपैकी एक गोष्ट दिसेल. एक तर बंद डबीसारखा स्प्लिटर, त्यातून निघालेल्या बारीक फायबर, आणि जवळपास कुठेही प्लग नाही. हे उत्तम. स्प्लिटर फक्त प्रकाश वाटतो, त्याला वीज लागत नाही. बिल्डिंगची लाइट गेली तरी तुझ्या घरातला ओएनटी, म्हणजे भिंतीवरची फायबरची पेटी, आणि राउटर इन्व्हर्टरवर असले की काम चालू राहतं. किंवा मग दिसेल लुकलुकणारा आठ-सोळा पोर्टांचा स्विच, आणि त्यातून घरोघरी गेलेल्या लॅन केबल. हा स्विच चालतो सोसायटीच्या कॉमन विजेवर. लाइट गेली, त्याला बॅकअप नसला, की तुझा इन्व्हर्टर नुसता पंखा फिरवत बसतो. टॉवरला जनरेटर आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस; तो लिफ्टला आणि पंपाला असतो, डक्टमधल्या पॉइंटला आहे का हे तिथल्या इलेक्ट्रिशियनला विचार. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात, तेव्हा तपासणी करायचीच तर गुरुवारी सकाळी जा.

स्विचवाल्या जोडणीत आणखी एक मेख असते. स्विच जुना असेल, किंवा लॅन केबलच्या आठ तारांपैकी चारच जोडल्या असतील, तर १०० एमबीपीएसच्या वर काही जात नाही. ३०० चा प्लॅन घेशील, लॅपटॉप केबलने लावून टेस्ट करशील, आकडा ९४-९५ वर अडेल आणि कॉल सेंटर तुला राउटर रिस्टार्ट करायला सांगत राहील. बरोबर ९४ दिसला की दोष पोर्टचा किंवा केबलचा धर.

वेगाबद्दल उगाच फार विचार करतोयस. व्हिडिओ कॉलला जाताना-येताना ३ ते ४ एमबीपीएस पुरतात, फोर-के सिनेमाला २५ धर. दोन माणसं आणि एक टीव्ही असलेल्या घराला १०० भरपूर. (तो आकडा बिटचा आहे, फाइल उतरताना सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच दिसतील. यात कोणी फसवत नाही.) 'ब्रॉडबँड आहे' या शब्दावर मात्र जाऊ नकोस, सरकारी व्याख्येत २०२३ पासून २ एमबीपीएस म्हणजेही ब्रॉडबँड. कॉल तुटतो तो बहुतेक वेळा अपलोड गुदमरल्यामुळे किंवा पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, वाटेत गळल्यामुळे. नेहमीच्या जीपॉन फायबरमध्ये, म्हणजे स्प्लिटरवाल्या जोडणीत, कंपनीच्या एका पोर्टवरचे सुमारे २.५ जीबीपीएस डाउनलोड आणि १.२५ जीबीपीएस अपलोड ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, म्हणून दुपारी रिकाम्या वेळी केलेली टेस्ट काही सांगत नाही. शेजाऱ्याची परवानगी काढून रात्री ९ ते ११ च्या मध्ये दहा मिनिटं सलग पिंग, म्हणजे सर्व्हरला हाक मारून उत्तराचा वेळ मोजणारी चाचणी, लाव. सेकंदाला एक याप्रमाणे सहाशे होतात. शक्यतो केबलने लाव, म्हणजे वायफायचा दोष लाइनवर जाणार नाही. लागोपाठ चार-पाच गळाले, किंवा १० मिलिसेकंदांवरून मध्येच ३०० वर उड्या दिसल्या, तर प्लॅन कितीही मोठा असो, मीटिंगमध्ये तुझा आवाज रोबोसारखा येणार. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत दोनशेच्या वर मिलिसेकंद लागणारच. तो अंतराचा हिशेब आहे, कोणताही फ्लॅट घेऊन तो कमी होत नाही.

आता दोन्ही जागांचा स्वभाव. कोथरूडसारख्या जुन्या वस्तीत फायबर खांबावरून, झाडावरून, गच्चीवरून गच्चीवर येते. पावसाळ्याआधी फांद्या छाटतात तेव्हा ती तुटते, नंतर रस्ता खोदतात तेव्हा पुन्हा. पण तीन-चार केबलवाले असतात आणि जवळच्याकडे स्प्लायसिंग मशीन, म्हणजे तुटलेली फायबर जोडायचं यंत्र, असलं तर जोड तासाभरात होतो. टॉवरमध्ये केबल जमिनीखालून येते, तुटते क्वचित. मात्र बिल्डरने एकाच कंपनीशी करार केलेला असू शकतो आणि मग तुझ्या हातात काही उरत नाही. डिजिटल कनेक्टिव्हिटीवरून इमारतींना रेटिंग देण्याचे नियम ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२४ मध्ये काढलेत. टॉवरच्या मॅनेजरला रेटिंग घेतलंय का विचारून बघ, पण डक्ट बघितल्याशिवाय परत येऊ नकोस.

दुसरी वाट कोणती, हे मला वेगापेक्षा महत्त्वाचं वाटतं. दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं घेतली आणि दोन्ही एकाच खांबावरून आली, तर ती एकच वाट झाली. एक फायबर आणि एक फाइव्ह-जी, असं धर. जिओचं एअरफायबर, म्हणजे फाइव्ह-जीवरून घरी येणारं इंटरनेट, २०२३ च्या गणेश चतुर्थीला पुण्यातही सुरू झालं. असल्या रेडिओच्या सेवेत अपलोड बऱ्याचदा तोकडा असतो, मुख्य म्हणून नको, राखीव म्हणून चालेल. जिथे टेबल ठेवणार तिथे खिडकी लावून दोन कंपन्यांच्या सिमवर टेस्ट घे, गॅलरीत नको.

घरात शिरताना फायबर स्लायडिंग खिडकीच्या फटीतून घेऊ देऊ नकोस. खिडकी रोज सरकते, तार चेपते, आणि महिन्याभरात ओएनटीवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लागतो. मालकाकडून एका भोकाची परवानगी आधीच लेखी घे. जोडणी झाली की तंत्रज्ञाला फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची पॉवर मोजायला सांग: उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेली की लाइन आज चालेल आणि पुढे कधीतरी दगा देईल. जोड पुन्हा मारून घे, तो निघून जाण्याआधी. तो पेटी दारामागे बसवू बघेल. तुझं टेबल दोन आरसीसी भिंतींपलीकडे असेल तर तिथपर्यंत कॅट-सिक्स केबल ओढून घे. टॉवरमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर पन्नास वायफाय एकमेकांवर ओरडत असतात आणि ५ गिगाहर्ट्झ भिंतीत दमतो.

ओएनटी आणि राउटरला मिनी यूपीएस घेणार असशील तर आधी दोन्ही अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे वाच. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण अँपिअर वेगळे. दोघांची बेरीज यूपीएसला झेपली पाहिजे.

करार ११ महिन्यांचा, तेव्हा वर्षाचा प्लॅन घेऊ नकोस. बिलावर १८ टक्के जीएसटी धर. 'अनलिमिटेड' प्लॅनलाही बऱ्याच ठिकाणी महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, ती तुला आड येणार नाही. आधीच्या भाडेकरूचा ओएनटी भिंतीवर लटकत असेल तर तो त्याच्या नावावरचा, कंपनीच्या मालकीचा. मालकाला तो परत करायला लावून कनेक्शन स्वतःच्या नावावर घे.

माझा कल आत्ता कोथरूडकडे आहे, पण ताथवड्याच्या डक्टचा फोटो पाठव. आत स्विच असेल तर त्याचं मॉडेल वाचता येईल इतक्या जवळून काढ, आणि तो ज्या पॉइंटवर लावलाय तो पॉइंटही फ्रेममध्ये येऊ दे.