लोकलच्या ग्रुपमधला एक मित्र मंगळवारी सिद्धिविनायकाला चालत जाणाऱ्यांशी मुद्दाम वाद उकरून काढतो. यात त्याला कसला आनंद मिळतो?

बहुतेकदा आनंद विचार उलटापालटा करून पाहण्याचा असतो, दुखावण्याचा नव्हे. फक्त समोरचा नाराज झाला तर त्याचं त्याला फारसं ओझं वाटत नाही. मी मुंबईत कॉलेजला मानसशास्त्र शिकवते. व्यक्तिमत्त्व पाच मुख्य गुणांत मोजणाऱ्या ‘बिग फाइव्ह’ मॉडेलच्या भाषेत सांगायचं तर नव्या कल्पनांची ओढ जास्त आणि जुळवून घेण्याची वृत्ती कमी, अशी ही जोडी. त्यात डोक्याला खुराक लागतोच. कॅचिओपो आणि पेटी या मानसशास्त्रज्ञांनी १९८२मध्ये ही ‘विचार करण्याची गरज’ मोजणारी प्रश्नावली मांडली. ती जास्त असलेल्यांना अवघड प्रश्नाशी झुंजणंच आवडतं, उत्तर मिळो न मिळो. श्रद्धा तर लोक सहसा तपासून पाहत नाहीत, म्हणून त्यांना तिथेच हात घालावासा वाटतो.

मात्र सगळेच असे नसतात. काहींना नुसतं वरचढ ठरायचं असतं, आणि ते मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यात समोरच्याच्या भक्तीची नाहक चेष्टा होते. फरक ओळखायला त्याच्याच एखाद्या लाडक्या मतावर प्रश्न विचारा. जिज्ञासू माणूस खुलून बोलेल.