अँटीव्हायरसच उघडू देत नाही असा व्हायरस आलाय, फॉरमॅट मारू का?

तुम्ही लिहिलंय की अँटीव्हायरसवर क्लिक केलं की काहीच होत नाही, नवीन डाउनलोड करायला गेलं तर त्या कंपन्यांच्या साइट उघडत नाहीत, बाकी यूट्यूब वगैरे मस्त चालू, डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) बंद पडलाय, आणि सगळे सांगतायत फॉरमॅट मार. ते शेवटचं वाचून डोकं सटकलं म्हणून लिहितोय. नका मारू. निदान आज तरी नका.

आमचं घर देवगड तालुक्यात. बाबांचा आंब्याचा सगळा हिशोब डेस्कटॉपवर, कोणाला किती डझनाची पेटी लागते, कोणाचे मागच्या सीझनचे पैसे राहिलेत, कोण फक्त अक्षय्य तृतीयेलाच घेतो, सगळं एका एक्सेलमध्ये. माझे भावोजी ठाण्याला, आयटीत आहेत, म्हणजे नक्की काय करतात ते ताईलाही सांगता येत नाही, पण गणपतीला आले की आरतीआधी कॉम्प्युटर. एका वर्षी मशीन स्लो आहे म्हणून कोणाला न विचारता त्यांनी सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला. फाईल डेस्कटॉपवर होती म्हणजे सी मध्येच, गेली. बाबांनी गिऱ्हाईकांना फोन करकरून यादी परत उभी केली आणि जावई पडले म्हणून एक शब्द बोलले नाहीत. वर विंडोज टाकलं ते क्रॅकवालं. ते विकत न घेता चालू करून देणारा जो अ‍ॅक्टिव्हेटर असतो, त्यासोबत सूचना लिहिलेलीच असते की आधी अँटीव्हायरस बंद करा, आणि आयटीतली माणसंसुद्धा ती इमानदारीत पाळतात.

मग भर सीझनला, खळ्यात पेट्या भरणं चालू असताना, सेम तुमच्यासारखं झालं. डिफेंडर उघडला तर म्हणे या सेटिंग्ज तुमच्या संस्थेकडून नियंत्रित केल्या जातात. आमच्या घरात संस्था म्हणजे देवस्थान कमिटी, ती अजून विंडोजपर्यंत पोचलेली नाही. मी ताईला फोन लावायला गेलो तर बाबा म्हणाले, "तेका सांगू नको, तो परत सगळा पुसतलो."

तर आधी लॅनची वायर काढली. शेजारच्या पोराच्या लॅपटॉपवर कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीची रेस्क्यू डिस्क (विंडोज न उघडता पेनड्राईव्हवरून चालणारा स्कॅनर) उतरवली, आमच्याकडच्या नेटवर त्यातच संध्याकाळ गेली, आणि पेनड्राईव्हवरून मशीन चालू केली. मुद्दा एवढाच की विंडोज चालू असेल तर व्हायरसही चालू असतो आणि तो तुमचा प्रत्येक अँटीव्हायरस उघडायच्या आधी मारतो. पेनड्राईव्हवरून बूट केलं की विंडोज उठतच नाही, मग तो नुसती एक फाईल असतो. स्कॅन अर्ध्यावर असताना लाईट गेली, इन्व्हर्टर होता म्हणून निभावलं. डिफेंडर थोडा जरी हलत असेल तर त्याच्यातच ऑफलाइन स्कॅन असतं, रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटांत होतं, ते आधी करून बघा. सेफ मोडच्या (विंडोज मोजक्याच गोष्टींसह उघडतं तो) भरवशावर राहू नका, सॅलिटीसारखे व्हायरस सेफ मोडच्या रजिस्ट्रीतल्या नोंदीच उडवतात.

आता इथे लोक फसतात. व्हायरस गेला तरी त्याने लावलेली कुलपं तशीच राहतात, मग अँटीव्हायरस तरीही उघडत नाही आणि कोणीतरी म्हणतं बघ, बोललो होतो, फॉरमॅट मार. आमच्याकडे होस्ट्स फाईलमध्ये (सिस्टम३२ मध्ये ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी; साइटचा पत्ता विंडोज आधी इथे बघतं) सगळ्या अँटीव्हायरस कंपन्यांची नावं घालून ठेवलेली, म्हणून साइट उघडत नव्हत्या. ही फाईल साफ असेल तर नेटच्या सेटिंगमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारं) आणि प्रॉक्सी (नेट मधल्या दुसऱ्या मशीनवरून फिरवणारं) बघा. साइट अडवायची युक्ती जुनीच आहे, कॉनफिकर नावाच्या व्हायरसने २००८ पासून हेच केलं, फक्त होस्ट्स फाईलला हात न लावता. मग मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स चालवलं, विंडोजसोबत आपोआप काय काय चालू होतं ते दाखवतं, फुकट आहे, त्यात इमेज हायजॅक्स नावाचा टॅब आहे. तिथे अँटीव्हायरसच्या एक्झीच्या (प्रोग्रॅम चालवणारी .exe फाईल) नावापुढे भलताच प्रोग्रॅम जोडलेला दिसला, म्हणजे तुम्ही क्लिक करणार एकावर आणि चालणार दुसरं. ती नोंद उडवली आणि पहिल्या क्लिकला उघडलं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने ब्लॉक केलंय असा मेसेज येत असेल तर सर्टमॅनेजरमध्ये (certmgr.msc) अनट्रस्टेड सर्टिफिकेट्स बघा, म्हणजे विंडोज ज्या कंपन्यांच्या डिजिटल सहीवर विश्वास ठेवत नाही त्यांची यादी, २०१५ मध्ये व्हॉन्टीरा नावाच्या अ‍ॅडवेअरने अँटीव्हायरस कंपन्यांची सर्टिफिकेटं तिथे नेऊन टाकली होती.

आणि डिफेंडरच्या एक्स्क्लूजन यादीत काय होतं? अख्खा सी ड्राइव्ह. म्हणजे इथे बघूच नकोस असं सांगून ठेवलेलं. अ‍ॅक्टिव्हेटरवाले हेच करतात. फॉरमॅटने मशीन स्वच्छ होते म्हणतात ना, आमची फॉरमॅटनंतरच घाण झाली. बाबांची फाईल मात्र या खेपेला जागेवर राहिली.

आता हेही सांगतो नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी येईलच. काही वेळा फॉरमॅटच बरोबर असतो. सॅलिटीसारखा व्हायरस सगळ्या एक्झी फायलींत घुसला असेल, किंवा साफ करूनही परत येत असेल, तर पुसा. पण आधी कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढा, एक्झी काढू नका, आणि विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या. विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेही धरून चाला. बँकेचे आणि मेलचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, हे खरं तर मी सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं. पैसे गेले असतील तर हे वाचणं सोडा आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.

तुमच्या मशीनवर नेमकं कुठलं कुलूप आहे ते इथून नाही सांगता येणार, ऑटोरन्सचा फोटो टाका, बघतो. आणि भावोजी, तुम्ही हे वाचताय मला माहितीये. आता विंडोज लायसनचं आहे, पावती बाबांच्या कपाटात आहे, गणपतीला याल तेव्हा कॉम्प्युटरला पासवर्ड असेल आणि तो फक्त आईला माहीत आहे.