क्यू बघून लगेच कॅरेक्टर हलवू नकोस

अरे थांब जरा, ऑनलाइन गेममध्ये लॉगिनला क्यू (रांग) लागते म्हणून कॅरेक्टर दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचं म्हणतोस, पण ट्रान्सफरचं बटण दाबू नकोस अजून. नवीन एक्सपान्शन (गेमचा मोठा नवीन भाग) आलं की पहिले काही दिवस क्यू लागणारच, डिसेंबर २०२१ मध्ये फायनल फँटसी १४ चं एंडवॉकर आलं तेव्हा तर इतकी गर्दी झाली की स्क्वेअर एनिक्स या कंपनीने काही काळ गेमची नवीन विक्रीच थांबवली होती. नंतर गर्दी ओसरते, आणि तोवर संध्याकाळच्या ऐवजी सकाळी लॉगिन करून बघ, खूप फरक पडतो. क्यूमध्ये असताना नेट गेलं तर लगेच परत जोड, बऱ्याच गेममध्ये थोडा वेळ तुझा नंबर राखून ठेवतात.

आता ट्रान्सफर. फुकट मिळते म्हणून भुलू नकोस, ती बहुतेकदा एकाच दिशेने असते म्हणजे भरलेल्या सर्व्हरवरून रिकाम्या सर्व्हरवर, आणि परत यायचं तर पैसे मोजावे लागतात किंवा रस्ताच बंद असतो. माझ्या मते रिकामा सर्व्हर हा क्यूपेक्षा वाईट, कारण डंजनला (गटाने खेळायच्या मोहिमेला) माणसं मिळत नाहीत आणि ऑक्शन हाउसमध्ये (खेळाडूंच्या लिलाव-बाजारात) मालच नसतो. म्हणून आधी गिल्डमधल्या (तुझ्या खेळाडूंच्या गटातल्या) लोकांना विचार, सगळे मिळून जाणार असाल तरच जा.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये असशील तर मेलबॉक्स रिकामा कर, ऑक्शनला लावलेलं सगळं काढून घे, गिल्ड लीडर असशील तर ते पद दुसऱ्याला दे, नाहीतर ट्रान्सफर अडकते. आणि नावाचं बघ, तिकडे तेच नाव कुणी आधी घेतलं असेल तर तुला बदलावं लागेल, दोन-तीन नावं आधीच ठरवून ठेव.