विद्यार्थी मंडळाच्या नव्या सचिवांसाठी
शिवाजी विद्यापीठातील आपल्या विभागाच्या मंडळाचे सचिवपद तुम्ही स्वेच्छेने स्वीकारलेत, याचा मनापासून आनंद आहे. सुरुवातीला एवढेच सांभाळा:

१. प्रत्येक ठरावापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव आणि तारीख इतिवृत्तात लिहा.
२. पावत्या त्याच दिवशी खजिनदाराकडे द्या.
३. बैठकीची वेळ ठरवताना राधानगरी, गगनबावड्याहून एसटीने येणाऱ्यांचा विचार आधी करा. सायंकाळी उशिरा बैठक ठेवली की मंडळ नकळत वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांपुरतेच उरते, आणि ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते.

नवे पदाधिकारी बहुधा सगळी कामे स्वतःकडेच ओढून घेतात आणि परीक्षा जवळ येताच थकून जातात, म्हणून प्रथम वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला आतापासूनच सोबत घ्या. प्रायोजक आणि महोत्सव यांविषयी दिवाळीनंतर बोलू.