'ऊर्जा संक्रमण' आणि 'लिंगसमानता'

प्रश्न असा आला आहे : एका अनुवादाला 'शाश्वत ऊर्जा संक्रमणातील लिंगसमानता' असे शीर्षक दिले आहे. 'संक्रमण' वाचून रोगराई आठवते आणि 'लिंगसमानता' कानाला खटकते. दुसरे शब्द आहेत का?

'संक्रमण' खुशाल ठेवा. रोगाच्या अर्थाने हा शब्द हिंदीच्या वळणाने आला. त्यासाठी मराठीत 'संसर्ग' आहेच. मकरसंक्रमण म्हणतो तेव्हा सूर्य एका राशीतून दुसरीत जातो. कोळसा-तेलाकडून ऊन-वाऱ्याकडे जाणेही तसेच. 'स्थित्यंतर' चालेल, पण त्यात वाटचाल कमी जाणवते.

'लिंगसमानता' मात्र मी बदलेन. 'लिंग' म्हटले की मन व्याकरणाकडे नाहीतर शरीराकडे जाते. चूल तिची आणि वायरिंग त्याचे, ही वाटणी शरीराने केलेली नाही, समाजाने केली आहे. त्यासाठी अभ्यासकांनी रूढ केलेला 'लिंगभाव' हाच शब्द हवा.

पुढे 'समानता' की 'समता'? एरवी आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो, पण इथे फरक करावा. पवनचक्कीवर चढणाऱ्या सगळ्यांना एकाच मापाचा सुरक्षापट्टा दिला, ही समानता. तो पुरुषी बांध्यावर बेतलेला असेल, तर बाईच्या अंगावर नीट बसणार नाही. तिला तिच्या मापाचा मिळाला, तर ती समता. म्हणून 'लिंगभाव समता'.

खरी काळजी आतल्या मजकुराची घ्या. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या ('इरेना') २०१९ च्या अहवालानुसार अक्षय ऊर्जेच्या नोकऱ्यांत स्त्रिया ३२ टक्के आहेत. तेल व वायू उद्योगात २२ टक्के. जवळजवळ दर तिघांत एक बाई असताना अनुवादात सरसकट 'तंत्रज्ञ आला' लिहिले, तर ती वाक्यातूनच गळते. 'तंत्रज्ञ' दोघांनाही चालतो, घोळ क्रियापद घालते. 'तंत्रज्ञ येईल' यात स्त्री-पुरुष कळत नाही. 'तंत्रज्ञांनी इन्व्हर्टर बसवला' यातही नाही, कारण क्रियापद इन्व्हर्टरच्या मागे जाते. मराठीने दिलेली ही सोय जरूर वापरा. बाईच आहे हे माहीत असेल, तर सरळ 'तंत्रज्ञ आल्या' लिहा. आधी 'महिला' जोडायची गरज नाही.

'वायरमन'साठी 'तारतंत्री' आणि इलेक्ट्रिशियनसाठी 'वीजतंत्री' हे शब्द तंत्रशिक्षणात वापरात आहेत. तो वीजतंत्री, ती वीजतंत्री; रूप बदलावे लागत नाही.