शेवटचे प्रकरण आणि त्यातली रिकामी जागा

या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच गेमविषयी आहेत : १ सप्टेंबर २०१५ रोजी बाजारात आलेला ‘मेटल गिअर सॉलिड ५ : द फँटम पेन’. हिदेओ कोजिमा यांनी १९८७ साली एमएसएक्स२ संगणकासाठी पहिला ‘मेटल गिअर’ केला आणि शत्रूला मारण्यापेक्षा त्याच्या नजरेस न पडणे यातच ज्यांचे कौशल्य आहे, अशा खेळांची वाट त्यातून रुळली. त्यांच्या हातचा या मालिकेतला हा अखेरचा गेम आहे. इतक्या वर्षांनंतरही त्याबद्दल खेळाडूंचे एकमत झालेले नाही. पुढील उत्तरांत कथेचा शेवट उघड केलेला आहे. ज्यांनी हा गेम अजून खेळलेला नाही, त्यांनी थेट अखेरच्या पत्राकडे वळावे.

प्रश्न : मी १९९८ च्या ‘मेटल गिअर सॉलिड’पासून ही मालिका निष्ठेने खेळत आलो आहे. ‘फँटम पेन’ संपला तेव्हा फसवणूक झाल्यासारखे वाटले. ईलाय हा बालसैनिक साहेलांथ्रोपस हा प्रचंड यंत्रमानव पळवून नेतो आणि कथेचा धागा तिथेच सुटतो. ज्याला आपण एवढे तास बिग बॉस, म्हणजे या कथेचा नायक असलेला नामांकित सैनिक, समजत होतो, तो भलताच कुणी वैद्यकीय सैनिक निघतो. माझा मित्र म्हणतो की हा अपुरेपणा जाणीवपूर्वक ठेवलेला आहे. तुटून गेलेल्या अवयवाची वेदना हेच तर गेमचे नाव आहे. हे आपल्याला पटते का?

उत्तर : आपल्या पत्रात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय या गेमला न्याय देता येणार नाही, असे मला वाटते. पहिल्या तक्रारीत मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे. ईलायचा धागा सुटलेला आहे, तो सोडलेला नाही. ‘किंगडम ऑफ द फ्लाइज’ या नावाचे एक्कावन्नावे मिशन योजलेले होते, आणि विशेष आवृत्तीसोबत दिलेल्या डिस्कवर त्याची अर्धवट दृश्ये आणि रेखाचित्रे पाहायला मिळतात. एका बेटावर ईलायने आपले राज्य मांडले आहे, साहेलांथ्रोपसशी पुन्हा लढाई होते, इंग्रजी बोलणाऱ्यांना मारणारा परजीवी ईलायच्याच घशात सापडतो आणि शेवटी ते बेट जाळून टाकले जाते. आराखडा इतका स्पष्ट होता. शिवाय गेमच्या फाइल्स चाळणाऱ्यांना ‘पीस’ या तिसऱ्या प्रकरणाची शीर्षकपाटीही सापडली. एवढे पुरावे समोर असताना, न झालेल्या कामाला ‘हाच त्याचा अर्थ’ म्हणणे मला मान्य नाही. कलाकृतीवर प्रेम असले की तिच्या उणिवांनाही आपण अलंकार समजू लागतो; आपल्या मित्राचे तसे झाले असावे. त्यांच्या प्रेमाबद्दल मला आदर आहे, पण युक्तिवाद टिकत नाही.

दुसऱ्या तक्रारीत मात्र मी आपल्या विरुद्ध बाजूला उभा आहे. गेमच्या सुरुवातीला, सायप्रसमधल्या रुग्णालयात, आपल्याला एक चेहरा घडवायला सांगितला जातो, नाव आणि जन्मतारीख विचारली जाते, आणि मग त्या चेहऱ्याचा काहीच उपयोग होताना दिसत नाही. आपण बिग बॉस म्हणूनच जागे होतो आणि चेहऱ्याची गोष्ट विसरून जातो. शेहेचाळिसाव्या मिशनमध्ये तेच रुग्णालय पुन्हा येते, आणि तेव्हा कळते की तो चेहरा आधीच्या ‘ग्राउंड झिरोज’ या भागाच्या शेवटी हेलिकॉप्टरमध्ये असलेल्या वैद्यकीय सैनिकाचा होता, म्हणजेच आपला होता. शेजारच्या खाटेवरचा, तोंडाला पट्ट्या गुंडाळलेला इश्मेल हाच खरा बिग बॉस. मालिकेच्या नायकाने अखेरच्या क्षणी खेळाडूकडे वळून सांगावे, की इतकी वर्षे माझ्या नावाने जे केले गेले ते तू केलेस, म्हणून ते नाव तुझेही आहे, यापेक्षा मोठा निरोप दुसरा कोणता असू शकेल? ‘भलताच कुणी’ असे आपण ज्याला म्हणता, तो आपणच आहात. शिवाय यातून १९८७ च्या गेममधले एक जुने कोडे सुटते : ‘आउटर हेवन’ या त्याच्या लष्करी तळावर मेलेला बिग बॉस पुढच्या गेममध्ये जिवंत कसा होता? जो मेला, तो हाच प्रतिरूप होता. अट्ठावीस वर्षांपूर्वीची गाठ या गेमने जिथे मुळात पडली होती तिथेच सोडवली.

आता ज्या भागासाठी मी हा गेम कायम जवळ ठेवीन, त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. त्रेचाळिसाव्या मिशनमध्ये आपल्याच तळावर, विलगीकरणाच्या इमारतीत, स्वरयंत्रात वाढणाऱ्या परजीवीची साथ फुटते. आत अडकलेले सगळे आपले सैनिक आहेत, आणि ते काही लेखकाने दिलेले अनोळखी चेहरे नाहीत. त्यांतल्या अनेकांना आपण स्वतः एकेका चौकीवरून, फुग्याला बांधून, आकाशात उचलून आणलेले असते. आपण मजल्यामागून मजला चढत जातो, विशेष चष्म्यातून प्रत्येकाचा गळा तपासतो आणि ज्याच्या गळ्यात लागण दिसते त्याच्यावर गोळी झाडतो. तळघरातल्या खोलीत पोचतो तेव्हा उरलेले सैनिक पळत नाहीत, आडोसा घेत नाहीत. ते ताठ उभे राहून सलाम करतात आणि जुन्या गेममधले सूर गुणगुणू लागतात. पहिल्यांदा तिथे पोचलो तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवला आणि वाट पाहिली, दुसरा काही मार्ग निघेल म्हणून. काहीही घडत नाही. ते उभेच राहतात. बटण आपल्यालाच दाबावे लागते. पुढे त्यांच्या अस्थी समुद्रात सोडायच्या ठरतात तेव्हा नायक त्यांची राख चेहऱ्याला फासतो आणि तिचे हिरे करून सोबत बाळगायचे ठरवतो.

या पंधरावीस मिनिटांत कुणी लांबलचक भाषण करत नाही. शत्रूला मारू नका, बेशुद्ध करा, शक्य तर पळवून आणा, असे या मालिकेने आपल्या बोटांना किती वर्षे शिकवले, आणि नेमकी तीच सवय इथे निरुपयोगी ठरते. ज्या गेममध्ये असे प्रकरण आहे त्याला मी अपुरा म्हणेन, पण फसवणूक म्हणणार नाही.

प्रश्न : दुसऱ्या प्रकरणातील मिशन्स पहिल्याचीच पुनरावृत्ती आहेत, यावर आपण गप्प का?

उत्तर : गप्प नाही. बत्तीस ते पन्नास या मिशन्सपैकी निम्म्याहून अधिक मिशन्स म्हणजे आधीच खेळलेल्या मोहिमा आहेत, फक्त अटी कडक : कुणी पाहिले तर मिशन संपले, किंवा शस्त्रे न घेता उतरायचे. शस्त्रे न घेता उतरण्याचा प्रकार मला मनापासून आवडतो, कारण त्यात शत्रूच्या चौकीतून मिळेल त्यावरच भागवावे लागते. तरीही या मोहिमा वेगळ्या यादीत द्यायला हव्या होत्या. कथेच्या क्रमांकात त्या बसवल्यामुळे कथा पुढे सरकत असल्याचा आभास होतो आणि तो लगेच मोडतो.

प्रश्न : माझ्या मते मालिकेचा खरा शेवट २००८ चा ‘गन्स ऑफ द पेट्रियट्स’ हाच आहे. त्या चौथ्या गेममध्ये सॉलिड स्नेकची, म्हणजे १९९८ च्या गेमच्या नायकाची, कथा संपते, सर्व पात्रांचा निरोप घेतला जातो. ‘फँटम पेन’ तर १९८४ सालात घडतो. त्याला शेवट कसे म्हणावे? माझी धाकटी बहीण मात्र म्हणते की चौथा गेम म्हणजे मधे मधे बटण दाबायचा चित्रपट आहे.

उत्तर : कालक्रमाने पाहिले तर आपले म्हणणे बरोबर आहे. चौथ्या गेमनंतरची सॉलिड स्नेकची कथा मालिकेने सांगितलेली नाही आणि ती सांगण्याची गरजही नाही. अकाली म्हाताऱ्या झालेल्या, पाठ धरून उठणाऱ्या, खोकत खोकत सरपटणाऱ्या नायकाला घेऊन एवढ्या मोठ्या खर्चाचा अ‍ॅक्शन गेम काढणे हे धाडसच होते. चौथ्या अंकात आपण अलास्काजवळच्या शॅडो मोझेस या बेटावर, जिथे १९९८ चा गेम घडला होता तिथे, परततो. त्याआधी काही मिनिटे १९९८ चा गेम त्याच जुन्या, चौकोनी चित्रांत खेळायला मिळतो, मग स्नेक जागा होतो आणि तोच हेलिपॅड बर्फाखाली, ओसाड, पडके कॅमेरे लटकलेले असा समोर येतो. ज्यांनी पहिला भाग खेळलेला आहे, त्यांना तिथे कुणीही काहीही समजावून सांगावे लागत नाही.

परंतु आपल्या बहिणीचे म्हणणेही उडवून लावण्याजोगे नाही. पहिल्या दोन अंकांत, पश्चिम आशियातल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या रणांगणावर, दोन सैन्यांच्या लढाईतून अंग चोरून निसटण्याची जी मजा आहे, अंगावरचा पोशाख भिंतीचा रंग घेईपर्यंत श्वास रोखून पडून राहण्याची जी मजा आहे, ती तिसऱ्या अंकापासून आटत जाते आणि कटसीन, म्हणजे नुसती पाहायची चित्रपटासारखी दृश्ये, वाढत जातात. अखेरची दृश्ये तर तासाभराहून अधिक चालतात. प्रत्येक जुन्या गूढाला नॅनोमशीन (शरीरात सोडलेली अतिसूक्ष्म यंत्रे) हे एकच उत्तर देण्याचा हट्टही मला खटकतो. मागच्या गेममध्ये जे अद्भुत वाटले होते, ते इथे खुलासा मिळाल्यामुळे लहान झाले.

म्हणून मी असे मानतो की चौथा गेम हा कथेचा शेवट आहे आणि पाचवा हा खेळाचा. चौथ्याने एकही धागा सुटू दिला नाही आणि त्यासाठी खेळाडूच्या हातातला वेळ घेतला. पाचव्याने हातात सर्व काही दिले आणि धागे सोडले. मला निवड करावी लागली तर मी पाचवा निवडीन, कारण लपणे, वाट पाहणे आणि निसटणे यासाठीच मी या मालिकेकडे आलो होतो. आपण सॉलिड स्नेकसाठी आला असाल, तर आपली निवड वेगळी असणे स्वाभाविक आहे, आणि त्या निवडीला मी चूक म्हणणार नाही.

प्रश्न : ‘फँटम पेन’ खूप सोपा आहे, असे आमच्या गटातील सर्वांचे मत झाले. लांबून डोक्यात बेशुद्धीची सुई मारायची आणि पुढे जायचे, एवढेच उरते.

उत्तर : सुरुवातीचे काही तास हे खरे आहे, पुढे गेम आपली खोड ओळखतो. आपण सारखे डोक्यावर नेम धरू लागलो की चौक्यांवरचे पहारेकरी हेल्मेट घालून येतात. रात्रीच हल्ले केले तर त्यांच्याकडे अंधारात पाहण्याचे चष्मे येतात, धूर-वायू वापरला तर मुखवटे. याला तोड म्हणून आपल्या सैनिकांची तुकडी पाठवून हेल्मेटांचा साठा नष्ट करता येतो, आणि आपल्या गटाने बहुधा हीच पळवाट धरली असावी. ती सोडून द्यावी. त्याचबरोबर कुणी पाहिल्यावर काही क्षण वेळ मंदावणारा ‘रिफ्लेक्स मोड’ सेटिंगमधून बंद करावा. त्यानंतर एखाद्या चौकीत शिरण्यापूर्वी तिचा संपर्काचा अँटेना उडवावा की नको, उडवला तर आवाजाने सगळे जागे होतील का, असा विचार करत टेकडीवर दुर्बीण लावून दहा मिनिटे पडून राहावे लागते. ही दहा मिनिटे म्हणजेच स्टेल्थ, नजरेस न पडण्याचा खेळ.

प्रश्न : नायकाचा आवाज बदलला, हे आपण माफ केलेत का?

उत्तर : डेव्हिड हेटर यांच्याऐवजी कीफर सदरलँड आले तेव्हा मलाही वाईट वाटले होते. आवाजापेक्षा मला जाणवते ते मौन : सदरलँड यांच्या वाट्याला फार थोडी वाक्ये आली आहेत, आणि कित्येक प्रसंगांत समोरचा बोलत असतो तेव्हा नायक नुसता पाहत राहतो. तो खरा बिग बॉस नाही हे कळल्यावर ते मौन काहीसे समजते, तरी जीपमधल्या त्या लांब प्रवासात त्याने स्कल फेस या खलनायकाला एकही उत्तर देऊ नये, हे मला आजही अवघडल्यासारखे वाटते.

प्रश्न : मी यातला एकही गेम खेळलेला नाही. शेवटच्या भागापासून सुरुवात केली तर चालेल का?

उत्तर : खेळता येईल, पण शेवटी जे सांगितले जाते त्याचे वजन कळणार नाही. २००४ चा ‘स्नेक ईटर’ आधी घ्यावा. कालक्रमात तो सर्वांत आधी येतो आणि बिग बॉस हे नाव कुणाच्या मृत्यूच्या मोबदल्यात मिळाले ते त्यातच कळते. २०२५ मध्ये त्याची नव्याने घडवलेली आवृत्तीही आली आहे. त्यानंतर १९९८ चा गेम, मग २००१ चा ‘सन्स ऑफ लिबर्टी’, मग जमल्यास चौथा. पाचव्याच्या आधी २०१४ चा छोटा ‘ग्राउंड झिरोज’ मात्र चुकवू नये. तो काही तासांत होतो, आणि त्याच्या शेवटी हेलिकॉप्टरमध्ये जखमीवर उपचार करणाऱ्या सैनिकाकडे नीट पाहून ठेवावे.