‘वय झालं की होतंच’ असं केंद्रवाले म्हणतात तेव्हा

आई-वडिलांना इंदूरच्या एखाद्या केअर होममध्ये किंवा नर्सिंग होममध्ये ठेवलेल्या वाचकांची पत्रं सतत येतात आणि शंका फिरून फिरून त्याच असतात. मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला. रविवारच्या भेटीत काहीतरी खटकतं, मॅनेजर गोड बोलून वाटेला लावतात आणि आठवडा निघून जातो. काही प्रश्न इथे घेतले आहेत. पेशंटला न तपासता दिलेली ही उत्तरं आहेत, तेवढाच त्यांचा उपयोग.

प्रश्न : भेटीची वेळ फक्त रविवारी चार ते पाच, तीही आधी फोन करून. हे योग्य आहे का?

नाही. आंघोळीची वेळ टाळा म्हणणं ठीक, पण आठवड्यातून एकच तास, तोही कळवून, का? लेखी कारण मागा.

प्रश्न : बाबा ८१ वर्षांचे, अर्धांगवायूनंतर अंथरुणावर आहेत. कमरेखाली रुपयाएवढा लालसर-जांभळट डाग दिसला. सिस्टर म्हणाल्या, ‘वय झालं की होतंच. एअर गादी लावली आहे, आया रोज खोबरेल तेलाने चोळते.’ काळजीचं कारण आहे का? (सुदामानगर)

आहे. पुढच्या रविवारची वाट बघू नका, आज जा.

बेडसोर वयामुळे होत नाही, दाबामुळे होतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी तासन्‌तास दाबली गेली की तिथलं रक्त थांबतं. कमरेखालचं हाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू, इतकंच काय कानाची पाळीसुद्धा बघा. पांघरूण काढून, डायपर उघडून बघा. ‘सिस्टरांनी बघितलंय’ यावर समाधान मानू नका.

डागावर बोट तीन सेकंद दाबून उचला. जागा पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतं आहे, दाब काढला की डाग जाईल. रंग तसाच राहिला तर बेडसोरची पहिली पायरी समजा. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही; तिथे आजूबाजूपेक्षा जागा गरम, घट्ट किंवा पिलपिलीत लागते का ते हाताने बघावं लागतं. तुम्ही लिहिलेला जांभळट रंग मला सर्वांत जास्त खटकतो. वरून कातडी धड दिसते, आतला मांसल भाग मेलेला असू शकतो आणि काही दिवसांत तिथे खड्डा पडतो. म्हणून डॉक्टरांनी तो प्रत्यक्ष बघायलाच हवा.

तेल चोळणं आजपासून बंद. दुखावलेल्या बारीक रक्तवाहिन्या चोळण्याने तुटतात. मेडिकलवाला देतो ती मध्ये भोक असलेली रबरी उशीही नको. तिच्या काठाचा दाब भोवतालचं रक्त अडवतो. ‘बेडसोर स्पेशल’ म्हणून विकली जाणारी हर्बल तेलं आणि पावडरी तर सोडूनच द्या. पैसे आणि दिवस, दोन्ही जातात.

‘एअर गादी लावली आहे’ म्हणजे नेमकं काय? पंपाचा दिवा लागला आहे का, नळी मुरगळली आहे का, पंपावरचा आकडा बाबांच्या वजनाला जुळतो का, बघा. मग तळहात वर करून हात गादीखाली, बरोबर त्यांच्या कमरेखाली सरकवा. हाड हाताला लागलं तर गादी बसलेली आहे. मध्ये इंचभर तरी हवा हवी. आणि गादी उत्तम चालत असली तरी कूस बदलावी लागतेच. साधारण दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. डाग आहे तोवर पाठीवर शक्य तितकं कमी ठेवायचं. कुशीवर काटकोनात नाही, पाठीला उशी देऊन तीसेक अंश कलतं, म्हणजे भार खुब्यावर येत नाही. गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली एक, टाचा अधांतरी. वर सरकवताना ओढायचं नाही, दोघांनी चादरीसकट उचलायचं. डायपर ओला झाला की लगेच बदलायचा. जेवणात प्रथिनं वाढवायची, पण किडनीचा त्रास असेल तर किती ते डॉक्टरांना विचारून.

आता कूस बदलल्याचा तक्ता मागा. दुपारी चारला रात्री आठच्या खणातही खूण झालेली असेल, सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच हाताच्या असतील, तर तो तक्ता तुम्हाला दाखवण्यासाठीच भरला जातोय. त्याचा फोटो काढा. डागाचाही काढा, शेजारी नाणं ठेवून, तारखेसकट, आणि दर भेटीत तेवढ्याच अंतरावरून. दाखल करताना अंगावर कुठे काय होतं याची नोंद केंद्राने केली होती का, तेही विचारा. ‘घरूनच घेऊन आले होते’ हे उत्तर पुढे येणारच आहे.

कातडी फाटली, घाण वास, पू, काळा पापुद्रा, ताप किंवा एकदम गुंगी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. हळद, टूथपेस्ट, हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत घालू नका. एक गोष्ट केंद्राच्या बाजूनेही सांगायला हवी : आयुष्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत चोख काळजी घेऊनही कातडी टिकत नाही. पण मग ती काळजी कागदावर आणि गादीवर दिसली पाहिजे.

प्रश्न : आईला डिमेन्शिया आहे. आधी खूप आरडाओरडा करायची, आता दिवसभर झोपून असते. मॅनेजर म्हणतात, ‘सेट झाल्या.’

ही झोप गोळ्यांची असू शकते. तिच्या गोळ्यांच्या पट्ट्या मागा आणि नावं स्वतः वाचा. क्वेटियापिन, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, क्लोनाझेपाम, लोराझेपाम यांपैकी काही सुरू असेल तर कोणत्या डॉक्टरांनी, कोणत्या तारखेला, कशासाठी आणि किती दिवसांसाठी लिहिलं, ते विचारा. डिमेन्शियात यांतल्या पहिल्या चार औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. कधीकधी ती द्यावीही लागतात, पण कमीत कमी मात्रेत आणि वेळोवेळी तपासून. रात्रपाळीला माणूस कमी आहे म्हणून मुळीच नाही. गोळ्या तुमच्या मनाने एकदम थांबवू नका. क्लोनाझेपाम, लोराझेपाम अचानक तोडल्याने झटके येऊ शकतात. आणि हा बदल दोन-चार दिवसांतच झाला असेल तर गोळ्यांवर खापर फोडण्याआधी लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, कमी झालेलं सोडियम किंवा साखर तपासून घ्या. डॉक्टर आजच, उद्या नाही.

प्रश्न : आईच्या हातावर निळे डाग आहेत. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. मारहाण समजायची का?

लगेच नाही. मनगटापासून कोपरापर्यंत वरच्या बाजूला सपाट जांभळे चट्टे या वयात आपोआप येतात, त्या गोळीने जास्तच. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांसारखे ठसे, दोन्ही दंडांवर सारखे डाग किंवा मनगटाभोवती पट्टा दिसला तर कुणी आवळून धरलं किंवा बांधलं असण्याची शक्यता धरा. फोटो काढा, डॉक्टरांकडून लेखी नोंद करून घ्या. डोक्याला मार लागल्याचं कळलं तर मात्र ती हसत-बोलत असली तरी थेट हॉस्पिटल. रक्त पातळ असताना डोक्यात सावकाश रक्तस्राव होतो.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर वाचलं की भरणपोषण ट्रिब्युनलकडे अर्ज केला की वृद्धाश्रमाला दहा हजारांचा दंड होतो. खरं का?

खोटं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातले दहा हजार हा मुलांकडून किंवा वारस नातलगांकडून मिळणाऱ्या मासिक निर्वाहखर्चाच्या कमाल मर्यादेचा आकडा आहे, वृद्धाश्रमाला होणारा दंड नव्हे. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये सांभाळाची जबाबदारी असलेल्याने ज्येष्ठाला टाकून देण्याला शिक्षा आहे.

केंद्राविरुद्धचे रस्ते वेगळे. आधी मॅनेजरला लेखी तक्रार, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेऊन. नर्सिंग होम असेल तर मध्य प्रदेशच्या १९७३ च्या कायद्याखालचं रजिस्ट्रेशन सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी) कार्यालयाकडे असतं, तक्रार तिथे. नुसता वृद्धाश्रम असेल तर सामाजिक न्याय विभागाकडे. कुठेच दाद लागली नाही तर मोती तबेल्यातल्या कलेक्टर कार्यालयात मंगळवारची जनसुनवाई आहे. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. जिवाला धोका असेल तर यातलं काहीच नाही, सरळ ११२. असहाय माणसाची देखभाल करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली गुन्हा आहे. हे कलम ठाण्यात फारसं कुणाला आठवत नाही, म्हणून अर्जात लिहूनच न्या. आधी वकिलाला दाखवा. आईच्या नावाने अर्ज असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळू शकतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : डिपॉझिट तीन लाखांचं आहे. ‘मध्येच नेलं तर परत नाही’ असं करारात आहे, म्हणून आईला हलवायचं थांबलो आहोत.

आधी आई, मग डिपॉझिट. सेवेतल्या त्रुटीची तक्रार ग्राहक आयोगाकडे घटनेपासून दोन वर्षांत करता येते, सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगात चालते. करारच एकतर्फी आहे असा दावा असेल तर तो भोपाळला राज्य आयोगापुढे जातो. नेमकं काय मागायचं ते वकिलाकडून ठरवून घ्या. निघताना केसपेपर, औषधांचा तक्ता आणि डिस्चार्ज समरी हातात घेतल्याशिवाय गाडीत बसू नका.

प्रश्न : खोलीत गुपचूप कॅमेरा लावू का?

नको. त्या खोलीत दुसऱ्या कुणाची तरी आईही असते.

प्रश्न : मी बेंगळुरूला असतो. आई व्हिडिओ कॉलवर बरी दिसते. आणखी काय बघू?

कॉलवर चेहरा दिसतो, बाकी आई दिसत नाही. कॉल जेवणाच्या वेळी लावा. ताटात काय आहे आणि ते कोण भरवतं ते दिसेल. पातळ थुली (गव्हाचा दलिया) समोर ठेवून वीस मिनिटांत उचलून नेली की ‘जेवल्या’ अशी नोंद होते. जीभ दाखवायला सांगा, कोरडी-भेगाळलेली आहे का. पाण्याचा ग्लास हाताच्या अंतरावर आहे की खिडकीत? मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी गाठतो तेव्हा हाच प्रश्न पहिला विचारा. टाचा दाखवायला सांगा. दर महिन्याला वजनाच्या रजिस्टरचा फोटो मागा : महिन्यात पाच टक्के, म्हणजे पन्नास किलोच्या बाईचं अडीच किलो वजन उतरलं तर डॉक्टरांची भेट ठरवा. आणि गावातलं कुणीतरी, मामी, शेजारच्या काकू, संध्याकाळी पाळी बदलते त्या वेळी न कळवता जाऊन येऊ द्या. त्यांचं नाव ‘भेटीची परवानगी’ म्हणून केंद्राच्या फाइलमध्ये आधीच लेखी देऊन ठेवा, नाहीतर गेटवरूनच परत पाठवतील.